नळाच्या पोटातलं कुंकू

शाहूपुरीतल्या ढवळे बोळात एकतीस घरं होती आणि एकतीस नळ होते. सन एकोणीसशे पंच्याऐंशीच्या चैत्रात, गुढ्या उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, या एकतीस नळांनी एकमताने पाणी देणं बंद केलं. त्याआधी त्या बोळात कुठल्याही गोष्टीवर एकमत झाल्याची नोंद नाही.

बोळाच्या पार टोकाला बयाबाई राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक म्हैस. म्हशीचं नाव चंद्री. रोज संध्याकाळी पाचाला चंद्रीला बोळाच्या तोंडाशी उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची, एवढाच बयाबाईचा संसार आणि एवढाच धंदा. चंद्रीला प्यायला दिवसाला सहा बादल्या लागायच्या आणि अंगावर ओतायला चार. नळ गेल्यापासून बयाबाई पलीकडच्या गल्लीतल्या आडावरून कळशा वाहू लागली. डोक्यावर एक, कमरेवर एक, अशा दिवसाला चौदा खेपा. आड तळाला गेलेला, कळशी अर्धीच भरायची. पुरेना. पाणी कमी पडलं की माणूस अर्ज करतो, निवेदन देतो, निदान शेजाऱ्याला शिव्या तरी देतो. म्हशीला यातलं काही जमत नाही. ती दूध कमी करते.

सहा लिटरांची चंद्री तीन आठवड्यांत साडेतीनवर आली तेव्हा गारगोटीहून बयाबाईचा भाऊ कृष्णात येऊन गेला. त्यानं म्हशीच्या बरगड्या मोजल्या आणि सांगितलं, "आक्का, पुढच्या सोमवारी टेम्पो घिऊन येतो. तवर पाणी आलं तर म्हस हितं, न्हाय आलं तर आमच्यात. हिच्या डोळ्याकडं बघवंना झालंय."

"आन् मी काय करू रिकाम्या गोठ्यात?"

"त्ये नळाला इचार," कृष्णात म्हणाला आणि गेला.

वास्तविक बोळात पाणी का येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. शहर जलनलिका निगा मंडळाचा फिटर आकाराम पहार आणि हातोडी घेऊन आला होता. त्यानं चौकापासून नळ ठोकत आणला, पहारीचं एक टोक जमिनीला टेकवून दुसऱ्याला कान लावला आणि बिडी पेटवून सांगितलं, "चौकातनं आत वळलं की नऊ फुटावर कायतरी बसलंय. एक खड्डा, दोन तास."

"मग काढा की," बयाबाई म्हणाली.

"हुकूम लागतोय, बयाबाई. खड्डा मी काढतो, पर हुकूम साहेब काढत्यात."

साहेब म्हणजे नृसिंह कोटणीस, कनिष्ठ अभियंता. वय सव्वीस, चष्मा जाड, हस्ताक्षर सुंदर. त्यांनी आकारामचा अहवाल वाचला आणि त्याच्या समासात लिहिलं : 'फिटर यांचा कान मंडळाच्या उपकरणांच्या नोंदवहीत नाही. सबब सदर कानाने ऐकलेली बाब ग्राह्य धरता येत नाही. अडथळा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून मगच पुढील कार्यवाही व्हावी.'

आता जमिनीखालच्या चार इंची नळात डोळा घालायचा कसा? तर त्याचीही सोय मंडळाकडे होती. सात महिन्यांपूर्वी परदेशातून एक खोकं आलं होतं आणि त्यावर चहाचे कप ठेवायची पद्धत पडली होती. त्या खोक्यात नळात शिरणारा कॅमेरा होता. हातभर लांबीची लोखंडी कांडी, पुढं एकच काचेचा डोळा, डोळ्याभोवती दिवे, मागं लांबच लांब वायर आणि वायरीच्या शेवटी एक काळापांढरा टीव्ही. कांडी नळात ढकलायची आणि नळाचं पोट टीव्हीवर बघायचं. नृसिंहांनी कप उचलायला लावले आणि एकविसाव्या दिवशी, सोमवारी, कॅमेरा जीपमधून ढवळे बोळात दाखल झाला.

आता एवढं यंत्र बोळात आलं आणि ते तसंच नळात घालायचं, ही काही आपली रीत नव्हे. मंडळाचे सभापती बाळासो आणि त्यांच्या सौभाग्यवती सरोजिनीवहिनी यांच्या हस्ते पूजा ठरली. वेळ दहाची होती. सभापती एक वाजता आले. चौकात नळाचं एक झाकण उघडून ठेवलं होतं, त्याच्या काठावर नारळ फोडला. नारळाचं पाणी नळात गेलं. एकवीस दिवसांत त्या नळात गेलेलं ते पहिलं पाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सरोजिनीवहिनींनी कुंकवाचा करंडा उघडला आणि त्या थबकल्या.

"कपाळ कुठाय ह्याचं?"

नृसिंहांनी कांडी फिरवून फिरवून पाहिली. यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तकात कपाळाचा उल्लेख नव्हता. सगळी कांडी तेलकट आणि काळी, फक्त पुढं एक गोल, चकचकीत, स्वच्छ जागा. वहिनींनी तिथं ठसठशीत कुंकू लावलं, त्यावर हळद, त्यावर दोन अक्षता. पाण्याचं यंत्र म्हणून कुंकू तेलात कालवून आणलं होतं, म्हणजे लवकर जाऊ नये. वहिनी व्यवस्थित बाई होत्या.

बयाबाई हे सगळं तीन हातांवरून बघत होती. विधवा म्हणून ती थोडी मागं उभी होती, पण तिला दिसत चांगलं होतं.

कांडी नळात शिरली. टीव्ही लागला. सबंध बोळ पुढं सरकला. बोळात तोवर टीव्ही एकच, यज्ञेश्वर गुरुजींचा, आणि त्यावर चित्राऐवजी बव्हंशी मुंग्याच दिसत. इथं मुंग्या नव्हत्या. करड्या रंगाचं स्वच्छ वर्तुळ होतं, आणि वर्तुळाच्या बरोबर मध्ये एक भला थोरला काळा गोळा.

"अडथळा!" नृसिंह ओरडले. "पहिल्याच फुटाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आकाराम म्हणाला, "साहेब, पहिल्या फुटाला कसा असंल? माझा हात जातोय की तिथवर." त्यानं खांद्यापर्यंत हात घालून दाखवला. हाताला काही लागलं नाही. पण हातही नोंदवहीत नव्हता.

कांडी आणखी आत ढकलली. दोन फूट, तीन फूट, पाच फूट. गोळा तसाच, तेवढाच, तेवढ्याच अंतरावर. नवव्या फुटाला कांडी कशाला तरी ठक्कन लागली आणि थांबली. गोळाही थांबला.

नृसिंहांनी त्या रात्री जो अहवाल लिहिला त्याची प्रत मंडळात आजही जपून ठेवली आहे. त्यात म्हटलं आहे : 'अडथळा वर्तुळाकार व गडद असून कॅमेरा पुढे सरकताच तोही पुढे सरकतो. नऊ फुटांवर त्यास सरकण्यास जागा न उरल्याने तो थांबला. स्वतःहून सरकणारी वस्तू निर्जीव असू शकत नाही. सबब अडथळा सजीव आहे.'

सजीव म्हटल्यावर विषय मंडळाच्या अखत्यारीतून गेला. मंडळाकडे गंज, गाळ, मुळं आणि माती एवढंच येतं. सजीवासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र गेलं. ते मंगळवारीच आले. त्यांनी टीव्हीपुढं खुर्ची टाकून पाऊण तास गोळ्याचं निरीक्षण केलं आणि नोंद केली, 'हालचाल मंद. भूक नसावी. पाण्याची कमतरता संभवते.'

"डाक्टरसाब," बयाबाईनं हात जोडले, "माझी म्हस बी जरा बघता काय? नाक सुकलंय तिचं. पाणी न्हाय हो प्वाटात."

"पत्रात म्हशीचा उल्लेख आहे का?"

"न्हाई."

"मग कसं बघणार?" अधिकारी मनापासून वाईट वाटून म्हणाले. "मी नळातल्या प्राण्यासाठी आलोय. तुमची म्हैस नळाबाहेर आहे."

जाताना त्यांनी शिफारस केली की सजीवाचं निरीक्षण रोज ठरावीक वेळी व्हावं. वेळ ठरली संध्याकाळी पाच. आणि इथून ढवळे बोळाचं नशीब उघडलं.

पाच वाजले की नृसिंह टीव्ही लावायचे. साडेचारपासून बोळ सतरंज्या टाकून बसलेला असायचा. पुढं पोरं, मग बाया, मागं पुरुष. शेंगदाणेवाला आला, फुगेवाला आला. यज्ञेश्वर गुरुजींनी घरचा मुंग्यांचा टीव्ही झाकून ठेवला आणि ते इथं समालोचन करू लागले. "पहा, पहा, आज किंचित डावीकडे कलला आहे. काल असा नव्हता. काहीतरी विचारात दिसतो." कुणाला गोळ्यात बेडूक दिसला, कुणाला कासव. गुरुजींच्या पत्नी माई यांना पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही, पण सगळ्यांना दिसतंय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे, तिसऱ्या दिवशी मिशा दिसल्या. मलकापूरहून कुणाचे तरी व्याही खास एसटीनं आले आणि शेवटची गाडी चुकवून राहिले. शेजारच्या गल्लीत पाणी येत होतं, त्यामुळे तिथले लोक आता मान खाली घालून यायचे आणि मागं उभे राहायचे.

"तुमचं बरं आहे हो," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "आमच्याकडं नळाला नुसतं पाणी येतंय. बघायला काय न्हाय."

पाच ही धार काढायची वेळ. बोळाच्या तोंडाशी टीव्ही असल्यानं चंद्रीला उभं करायला जागा उरली नाही आणि गिऱ्हाइकांना दुधाकडे बघायला वेळ उरला नाही. दूध अडीच लिटरवर आलं होतं.

गुरुवारी बयाबाई कळशी डोक्यावर घेऊन थेट टीव्हीपुढं उभी राहिली.

"अवो बाई, सरका की! दिसंना झालंय!" मागून आरडाओरडा झाला.

"काय दिसंना? त्ये कुंकू हाय!" बयाबाई म्हणाली. "काचेवर लावलंय वैनींनी. म्या बघितलंय. डोळ्यात कुंकू घातलं की जिकडं बघंल तिकडं कुंकूच दिसणार की! जनावर बी न्हाय आन् गोळा बी न्हाय."

नृसिंहांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, टीव्हीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते हुशार होते. त्यांना कळलं. कांडी बाहेर ओढली, तर खरोखरच काचेवर ठसठशीत कुंकू, वर अक्षता शाबूत.

"मग पुसा की," आकाराम म्हणाला.

"पुसा काय पुसा?" नृसिंह दचकले. "कुंकू आहे ते."

हा खरा पेच होता. शुक्रवारी मंडळात टिपणी फिरली. विषय : कॅमेऱ्याच्या दर्शनी काचेवरील कुंकू पुसणेबाबत. अधीक्षकांनी विषय वाचला, घरी आजारी असलेल्या आपल्या सौभाग्यवतींची आठवण होऊन सही न करता कागद पुढं ढकलला. उपअभियंत्यांनी शेरा मारला, 'चर्चा करावी.' मुख्य लिपिकांनी विचारलं, 'कुंकू न पुसता त्याच्याभोवतीची काच मोठी करता येईल काय?' आणखी एकानं सुचवलं की ते वाळून आपोआप गळेपर्यंत वाट पाहावी, सुमारे दिवाळीपर्यंत. शेवटी कागद बंडू नावाच्या सर्वांत कनिष्ठ लिपिकाकडे गेला, कारण तो अविवाहित होता आणि त्याच्या हातून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बंडूला रडू फुटलं.

"साहेब, वैशाखात माझं लग्न ठरलंय. आज हातानं कुंकू पुसायचं आणि महिन्यानं त्याच हातानं लावायला उभं राहायचं? मुलीकडच्यांना कळलं तर?"

त्यात ते कुंकू सभापतींच्या पत्नीनं लावलेलं. बाळासोंचा निरोप आला, "आमच्या मंडळीनं लावलेलं कुंकू जो पुसंल त्यानं आधी माझ्याकडं बघावं. पुढल्या महिन्यात निवडणूक हाय. मी हयात हाय अजून." टिपणी फाइलला लागली. फाइल कपाटात गेली. पाण्याचा प्रश्न आता तांत्रिक उरला नव्हता.

शनिवारी पाचाला पुन्हा सतरंज्या पडल्या. कुंकू आहे हे कळल्यानं गर्दी घटेल असं नृसिंहांना वाटलं होतं. ती वाढली. नळाच्या पोटात कुंकू दिसतं म्हटल्यावर बाया हळदीकुंकवाची ताटं घेऊन आल्या. गुरुजी म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, ह्या गोळ्यात काहीतरी तेज आहे." ते तसं म्हणाले नव्हते.

कांडी अजून बाहेर, जीपच्या बॉनेटवर ठेवली होती. बयाबाई दुधाची चरवी घेऊन आली. चरवीत दोन लिटर दूध. सोमवार परवावर आला होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या कचेरीत कुणी पुसत न्हाय म्हणं."

"बाई, कुणाच्या तरी घरावर येतं ते. कोण पुसणार?"

"मी पुसतो. माझं पुसून बारा वरसं झाली. आता माझ्या घरावर काय यायचं ऱ्हायलंय? गोठा तेवढा ऱ्हायलाय, त्यो बी सोमवारी रिकामा."

बोळात पाणी नव्हतं, म्हणून तिनं पदराचं टोक चरवीतल्या दुधात बुडवलं आणि काच पुसली. तेलातलं कुंकू सहज जाईना, तिनं दोनदा, तीनदा घासलं. पदर लाल झाला. बाया नजर चुकवून जमिनीकडे बघत होत्या. माईंनी स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं.

"झालं," बयाबाई म्हणाली. "घाला आता नळात."

मंडळाच्या दप्तरात या प्रसंगाची नोंद अशी आहे : 'काचेवरील मंगलचिन्ह सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले.'

टीव्ही लागला आणि चित्र लख्ख आलं. नळाच्या कडा, सांधे, गंजाचे पापुद्रे, सगळं दिसलं. नवव्या फुटाला नळ गच्च भरून एक लाकडी बूच बसलं होतं. बुचाला गुंडाळलेलं गोणपाट दिसलं. गोणपाटावर शिक्का दिसला. शिक्का मंडळाचा होता.

पाडव्याच्या रात्री सांधा बदलताना मंडळाच्या माणसांनी पाणी अडवायला बूच ठोकलं होतं. सांधा बदलला, खड्डा बुजवला, फोटो काढला. बूच काढायचं तेवढं राहिलं.

"साहेब, नऊ फुटावर म्हटलंतं की," आकाराम म्हणाला.

"तुम्ही म्हणाला होता. आम्ही पाहिलं. त्यात फरक आहे." नृसिंहांनी वही उघडली. "शिवाय आता प्रश्न वेगळा आहे. मंडळाचं बूच मंडळाच्या नळात असेल तर त्याला अडथळा म्हणता येत नाही. ती मालमत्ता आहे आणि जागेवर आहे. हलवायची तर भांडाराची परवानगी लागेल. भांडारपाल पंधरा दिवस रजेवर आहेत."

मागून कुणीतरी नाराजीनं म्हणालं, "नुसतं बूचच व्हय? कालचं बरं हुतं."

रात्री बयाबाई आकारामच्या घरी गेली. चरवीत उरलेलं दूध तिनं त्याच्या बायकोच्या हातात दिलं आणि उंबऱ्यावर बसली. आकारामनं बिडी पेटवली.

"बयाबाई, हुकूम न्हाय हो माझ्याकडं."

"व्हय."

"उद्या आइतवार. आइतवारी मी फिटर नसतो. सुट्टीत माणूस हौसंनं खड्डा खणंल, न्हाय तर आमराईत जाईल. कोण इचारतंय?"

रविवारी पहाटे आकारामनं हौसेनं खड्डा खणला. दोन तास लागले. बूच उपसलं, नळ जोडला, खड्डा बुजवला, आणि चौकातली झडप पूर्ण उघडून तो आंघोळीला गेला. वरून पाणी सुटायची वेळ संध्याकाळी साडेपाच. त्याचा एकच अंदाज चुकला. अडकलेली वस्तूच काढल्यावर लोक बघायला कशाला बसतील, असं त्याला वाटलं.

रविवार असल्यानं खास प्रयोग होता. दोन गल्ल्यांमधून पाव्हणे आले होते. नृसिंहांनी झाकण उघडून कांडी आत सोडली आणि ती नऊ फुटांवर न थांबता सरळ पुढं गेली. पंधरा फूट, तीस फूट. "बूच अदृश्य!" गुरुजी किंचाळले. लोक उभे राहिले. माईंनी हात जोडले. आणि बरोबर साडेपाचाला चित्रात लांबून एक पांढरी रेघ आली, मग फेस, मग सगळं चित्र दूध सांडल्यासारखं पांढरं आणि मग काळं झालं. पुढच्या क्षणी झाकणाच्या तोंडातून पुरुषभर उंचीचं कारंजं उडालं.

सत्ताविसाव्या दिवशी ढवळे बोळात पाणी आलं.

"अरे पाणी! पाणी कुणी सोडलं?"

"सतरंजी उचला! सतरंजी भिजली!"

"शेंगदाणं गेलं की माझं सगळं!"

"ऐन वेळेला कसं काय सोडतात हे लोक? काही कळतं की नाही?"

आकाराम ओल्या डोक्यानं धावत आला, त्यानं कांडी ओढून काढली, झाकण आवळलं. मग पाणी जिकडं जायचं तिकडं गेलं. तीस घरांत तीस नळ धो धो वाहू लागले आणि त्या तीस घरांत कुणीही नव्हतं. सगळे चौकात काळ्या टीव्हीपुढं तावातावानं भांडत होते.

एकतिसाव्या घरात बयाबाई होती. नळाला आधी खोकला आला, मग गंजाचं लाल पाणी, मग नितळ धार. तिनं दगडी डोण नळाखाली भरली. चंद्रीनं डोणीत तोंड घातलं ते कानांपर्यंत. ती किती वेळ पीत होती कुणास ठाऊक. बयाबाईनं बादली भरून तिच्या पाठीवर ओतली, दुसरी भरली, ओतली, आणि म्हशीच्या ओल्या पाठीवर गाल टेकवून तशीच उभी राहिली. ऱ्हायली म्हस, तिनं स्वतःला सांगितलं. उद्या कृष्णात येईल, त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

तेवढ्या वेळात चौकात अर्ज तयार झाला होता. मजकूर गुरुजींचा : 'आज रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता आमच्या बोळात पाणी सोडण्यात आले. त्यामुळे दर्शनात व्यत्यय येऊन नागरिकांचे अतोनात हाल झाले. तरी सदर पाणी तात्काळ बंद करून नळ पूर्ववत कोरडा करून मिळावा.' तीस घरांच्या सह्या झाल्या. त्या बोळातलं हे दुसरं एकमत.

अर्ज घेऊन लोक बाळासोंच्या घरी गेले. निवडणूक महिन्यावर होती. जनतेची एवढी साधी मागणी, तीही विनाखर्च पुरी होणारी, बाळासोंनी आयुष्यात पाहिली नव्हती. मंडळाचं कार्यालय रविवारी संध्याकाळी उघडण्यात आलं. सव्वासहाला अर्ज नोंदला, साडेसहाला मंजूर झाला, सातला हुकूम निघाला. अधीक्षकांनी सही केली, उपअभियंत्यांनी केली, बंडूनं तर दोनदा केली. हुकूम आकारामच्या हातात दिला.

"आता हाय व्हय हुकूम," आकाराम म्हणाला आणि झडप बंद करायला गेला. सरकारी नोकर होता तो. आइतवार असला तरी.

बयाबाई धावत चौकात आली तेव्हा लोक सतरंज्या वाळत घालत होते.

"अवो, चार बादल्या तरी भरू द्यायच्या! माझी म्हस जाती की हो उद्या!"

"बयाबाई, जरा समजून घ्या," माई प्रेमानं म्हणाल्या. "तुमच्या एका म्हशीसाठी सगळ्या बोळानं किती सोसायचं?"

सोमवारी सकाळी टेम्पो आला. चंद्री चढायला तयार नव्हती. कृष्णात पुढून ओढत होता, दोघं मागून ढकलत होते. डोणीत कालचं पाणी अजून अर्धं होतं. तिनं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं आणि मग चढली. "आक्का, तू बी चल," कृष्णात म्हणाला. बयाबाईनं मान हलवली. टेम्पो गारगोटीच्या वाटेला लागला.

दिवसभर तिला काही काम नव्हतं. आडावर जायचं नव्हतं, शेण काढायचं नव्हतं. पाच वाजले. हात धारेला सरावलेले, ते मांडीवर नुसते पडून होते. बाहेरून माईंची हाक आली, "बयाबाई, चला हो! आज कॅमेरा शेवटपर्यंत जाणार आहे म्हणे, अगदी तुमच्या दारापर्यंत!"

ती गेली. सतरंजीच्या कडेला बसली. नळ ठणठणीत कोरडा होता आणि चित्र असं स्वच्छ की पोरं श्वास घ्यायची विसरली. कांडी निघाली. पन्नास फुटांवर एक झुरळ चालत गेलं, त्याला टाळ्या पडल्या. ऐंशी फूट, शंभर फूट, एकशे तीस. नळाच्या भिंतीत एक बारीक भोक दिसू लागलं.

"नागरिकहो," गुरुजी उठून उभे राहिले, "हे बयाबाईंच्या नळाचं मूळ. आतल्या बाजूनं!"

केवढ्या टाळ्या वाजल्या. सगळा बोळ वळून बयाबाईकडे बघू लागला. असं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला. पुढं वाकून निरखून पाहिलं.

"लई सोच्छ हाय की," ती म्हणाली. "थेंब न्हाय बघा आत."

मग तिला जाणवलं, तिच्या मागं मघापासून कुणीतरी टाचा उंचावून उभं आहे. बोळातलं माणूस नव्हतं. पहिल्या दिवसापासून येत होतं, सगळं अगदी मन लावून बघत होतं, अधूनमधून हसतही होतं. बयाबाई सरकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झटकली.

"उभं का पावणं? हितपतोर बघत आलासा, आता बसा की निवांत. घरी जाऊन तरी काय, तुमच्यात बी नळाला पाणी कुठं येतंय?"

आणि तुम्ही बसलात.